पहाऱ्याचा हात

वेतावर वेत जोरात आपटला की जळका वास येतो. फिलिपिन्समधल्या सेबूतल्या पहिल्या सकाळी तो नाकात शिरला तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणी चूल पेटवली असेल. वास आमच्याच हातांतून येत होता. समोरचे आजोबा माझ्या कानशिलाच्या रोखाने वार सोडत होते, मी तो अडवत होते, आणि दोन छड्या जिथे एकमेकींवर घासत तिथे तपकिरी डाग उमटत होते. अंगण म्हणजे दोन घरांमधली सहा-सात पावलांची सिमेंटची जागा. एका कडेला धुणं वाळत घातलेलं, दुसऱ्या कडेला खुराड्यात झुंजीचा कोंबडा. आंब्याच्या फांदीला जुना टायर टांगलेला होता. वार खाऊन खाऊन त्याचं रबर मधोमध पांढुरकं पडलं होतं.

लहानपणी कोल्हापुरात मी लाठीकाठी शिकले, थोडा दांडपट्टाही फिरवला. काठी हातात कशी धरायची एवढं तरी येतं, असं मी धरून चालले होते. आजोबांनी माझी पकड पाहिली, छडी काढून घेतली आणि तळाशी चार बोटं जागा सोडून पुन्हा हातात दिली. मुठीखाली उरलेल्या त्या टोकाला पुन्यो म्हणतात. समोरचा अंगाला येऊन भिडला, की याच टोकाने मारायचं. "हिनाय-हिनाय, दाय," ते म्हणाले. हिनाय-हिनाय म्हणजे हळूहळू. दाय म्हणजे आपल्याकडे वडीलधारे 'पोरी' म्हणतात तसं. मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे नोंग म्हणू लागले. पुढचे अकरा दिवस ते 'हिनाय-हिनाय' माझ्या कानात घुमत राहिलं.

सेबूत या विद्येला एस्क्रिमा म्हणतात, लुझॉनकडे आर्निस. दोन्ही शब्द मुळात स्पॅनिश: एस्ग्रिमा म्हणजे तलवारबाजी, आर्नेस म्हणजे चिलखत, लढाईचा साज. तिसरं नाव काली. ते अमेरिकेत गेलेल्या फिलिपिनो उस्तादांमुळे जगभर पसरलं. सेबूतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ते क्वचितच येतं. आपल्या कालीमातेशी त्याचं नातं जोडणारे लोक भेटतात, पण त्याला काहीही आधार नाही. नावं वेगळी असली तरी गाभा एकच आहे. वेताची छडी, लांब पातं, सुरा आणि रिकामा हात, या सगळ्यांसाठी एकच चाल. आपल्याकडे आधी कुस्ती, मग हत्यार. इथे पहिल्या दिवशी हत्यार हातात येतं आणि रिकाम्या हाताचे डाव शेवटी. हात रिकामा असला तरी तो हत्याराच्याच वाटेने फिरतो.

सेबूला विमानाने येणारा माणूस आधी माक्तान बेटावर उतरतो, कारण विमानतळ तिथेच आहे, शहर पुलापलीकडे. म्हणून खोलीवर जाण्याआधीच मी किनारा गाठला. माक्तानचा सरदार लापूलापू याचा उंच ब्राँझचा पुतळा तिथे उभा आहे, हातात काम्पिलान, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारी लांब तलवार, आणि दुसऱ्या हातात ढाल. त्याच आवारात मॅगेलनचा स्मृतिस्तंभ आहे, स्पॅनिश राजवटीत १८६६ साली बांधलेला. मरणाऱ्याचं आणि मारणाऱ्यांच्या सरदाराचं स्मारक एकाच कुंपणात. दोन्हींच्या मागे खारफुटी आणि उथळ, निळसर पाणी.

ते उथळ पाणी मी बराच वेळ बघत बसले, कारण मॅगेलन जिच्यात मेला त्या लढाईचा निकाल त्यानेच लावला. २७ एप्रिल १५२१. मॅगेलनच्या जहाजावरचा इटालियन माणूस पिगाफेत्ता त्या लढाईत होता आणि त्याने सगळं लिहून ठेवलं. खडकांमुळे होड्या किनाऱ्याला लागेनात, तेव्हा एकोणपन्नास माणसं मांडीभर पाण्यात उतरून चालत निघाली. समोर दीड हजारांहून जास्त लोक होते, असं तो लिहितो. लांबून अर्धा तास बंदुका आणि धनुष्यं चालली, ती वाया गेली. अंगावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, पण पाय उघडे. बेटावरच्या लोकांनी ते हेरलं आणि पायांवरच मारा धरला. मॅगेलनच्या पायात विषारी बाण घुसला. मग तोंडावर भाल्याचा घाव बसला, आणि शेवटी डाव्या पायावर मोठ्या पात्याचा वार होऊन तो पाण्यात पालथा पडला.

मॅगेलनची ओळख आपल्याला शाळेत पृथ्वीप्रदक्षिणेपुरती होते. त्याआधी १५०५ साली तो पोर्तुगीज अल्मेइदाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला होता. गोव्याच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर किल्ला बांधला तो याच आरमाराने. आपल्या किनाऱ्यावर लढाईचा धंदा शिकलेला माणूस या उथळ पाण्यात पडला, हे मला तिथे बसल्यावर पहिल्यांदाच जाणवलं.

किनाऱ्यावर फोटो काढून देणारा एक तरुण पोरगा मला सांगत होता, की लापूलापू हा पहिला मोठा उस्ताद, आणि त्याने एकट्याने समोरासमोर मॅगेलनला लोळवलं. दरवर्षी एप्रिलमध्ये या लढाईचा खेळ इथे करून दाखवतात, त्यात तसंच घडतं. पिगाफेत्ता मात्र मारणाऱ्याचं नाव देत नाही. त्याच्या लिखाणात अनेकांनी मिळून घेरलेला माणूस आहे. आख्यायिकेला एक नायक लागतो. मला त्या वर्णनातला उघडा पाय जास्त मोलाचा वाटला. समोरच्याचं जे उघडं आहे, जे आपल्या सर्वांत जवळ आहे, तेच मारायचं. दुसऱ्या दिवशी नोंगनी अंगणात पहिला धडा दिला तो हाच होता, फक्त पायाऐवजी हाताचा. डोकं लांब असतं, छातीही लांब असते. छडी धरलेला हात सगळ्यात पुढे येतो. तो फोडला की हत्यार गळून पडतं. जुने लोक याला सापाचे दात काढणं म्हणतात.

सेबू शहराच्या जुन्या भागाला सान निकोलास म्हणतात. अरुंद गल्ल्या, डोक्यावर तारांचं जाळं, जीपनींचा धूर, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर नारळाच्या पात्यांत विणून शिजवलेला भात टांगलेला. त्याला पुसो म्हणतात. या गल्ल्यांत आणि शेजारच्या लाबांगोनमध्ये विसाव्या शतकातला एस्क्रिमा घडला. १९२० साली लाबांगोन फेन्सिंग क्लब निघाला. तो मोडल्यावर १९३२ च्या जानेवारीत दोसे पारेस उभा राहिला, म्हणजे 'बारा वीर'. नाव शार्लमेनच्या बारा सरदारांवरून घेतलं होतं. ते वीरकथांतून आणि कोमेदिया नावाच्या नाटकांतून फिलिपिन्सच्या गावागावांत माहीत होते. सावेद्रा आणि कान्येते ही दोन घराणी या संस्थेचा कणा होती. लोरेन्सो सावेद्रा हे वडीलधारे, आणि त्यांचा पुतण्या तेओदोरो ऊर्फ दोरिंग सर्वांत निष्णात मानला जाई. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी दोरिंगला पकडून मारलं.

युद्धानंतर माणसं उरली आणि मतभेदही उरले. दोरिंग घडला त्याच तालमीतून घडलेला वेनान्सिओ ऊर्फ आन्सिओंग बाकोन १९५२ मध्ये बाहेर पडला. ठेंगणा, सडपातळ माणूस. त्याची तालीम बालिन्तावाक रस्त्यावर एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागच्या परसात भरायची, म्हणून पद्धतीचंच नाव बालिन्तावाक पडलं. दोसे पारेसमध्ये दोन छड्या, तलवार आणि सुरा, लांबचं आणि जवळचं असं सगळं होतं. बाकोनने एकच छडी ठेवली आणि एकच अंतर, हाताला हात लागेल एवढं. पुढची अनेक वर्षं या दोन तालमींत आव्हानं दिली जायची. त्या लढतींना हुएगो तोदो म्हणत, म्हणजे ज्यात सगळं चालतं. ना शिरस्त्राण, ना पंच. कान्येते भावंडांतला धाकटा सिरियाको ऊर्फ काकोय याच्या नावावर अशा शंभराहून जास्त लढती सांगतात, आणि एकही हार नाही. हा आकडा कुणी वहीत मांडला नव्हता. पण १९७९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरल्या तेव्हा साठीला टेकलेला काकोय मैदानात उतरला आणि जिंकला, हे नोंदलेलं आहे. २०१६ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी तो गेला. एस्क्रिमात जूदो, जुजुत्सू आणि आयकिदो मिसळून त्याने एस्क्रिदो नावाची पद्धत बांधली होती.

मी शिकायला गेले ते बालिन्तावाकवाल्यांकडे. त्यांची शिकवण्याची पद्धत मला इतकी वेगळी वाटली, की इथे थोडं थांबूनच सांगायला हवं.

पहिले दोन दिवस बारा वार. बहुतेक तालमींत बाराच असतात, क्रम थोडा इकडेतिकडे. कानशिलं, बरगड्या, कोपर, गुडघे, पोटात आणि डोळ्यांत खुपसणं, शेवटी डोक्याच्या मधोमध. वाराला नाव नसतं, आकडा असतो. तलवार असो, छडी असो की रिकामी मूठ, तो आकडा म्हणजे वार येण्याची दिशा. हे मुळाक्षरांसारखं घोकायचं असतं. काही तालमींत त्याला आबेसेदारिओच म्हणतात, म्हणजे बाराखडी. नोंग सिमेंटवर खडूने त्रिकोण काढायचे आणि मी त्याच्या टोकांवर पाय टाकत वार चुकवायचे. सरळ मागे सरकायचं नाही, तिरपं व्हायचं. पाय त्रिकोणावर गेला की वार आपोआप रिकामा जातो.

तिसऱ्या दिवशी आगाक सुरू झालं. सेबुआनोमध्ये आगाक म्हणजे आधार देऊन नेणं, आपण मुलाला बोट धरून चालवतो तसं. यात शिकवणारा समोर उभा राहून वार करतो, पण तो मारत नाही, देतो. शिष्य झेलू शकेल त्याहून किंचित जास्त वेगाने, किंचित जास्त जवळून. मी अडवलं की दुसरा येतो, तोही अडवला की तिसरा, आणि मधेच माझ्या छडीला त्यांचा डावा हात नुसता टेकतो. त्या एका टेकण्याने माझा हात जिथे जायला हवा तिथून चार बोटं सरकतो, आणि त्या मोकळ्या जागेतून त्यांची छडी येऊन माझ्या कानाजवळ थांबते. लागत नाही. वाऱ्याची झुळूक तेवढी लागते.

चौथ्या दिवशी मात्र लागली. मी घाई केली, हात पुढे राहिला, आणि छडी बोटांच्या पेरांवर बसली. डोळ्यांतून पाणी आलं. नोंगनी छडी काखेत धरली, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, एकेक पेर दाबून पाहिलं आणि बाटलीतलं तेल चोळलं. नारळाचं तेल, त्यात कसल्या तरी मुळ्या. अनेक उस्ताद हिलोतही जाणतात, म्हणजे अंग चोळून दुखणं काढण्याची विद्या. तोडणारा आणि जोडणारा हात एकच असावा, असं तिथे धरून चालतात. तेल चोळता चोळता त्यांनी विचारलं, "तुझा डावा हात कुठे होता?"

डावा हात माझ्या छातीशी निवांत होता. लाठीकाठीत दोन्ही हात काठीवर असतात. एका हाताने छडी चालवताना दुसऱ्याचं काय करायचं, हे माझ्या अंगाला माहीत नव्हतं. एस्क्रिमाचा अर्धा जीव त्या रिकाम्या हातात आहे. तो समोरच्याचा हात दाबतो, ढकलतो, धरतो, आणि उजव्या हाताचा वार संपल्यावर जी फट पडते ती भरून काढतो. तागालोगमध्ये त्याला बांताय-कामाय म्हणतात. कामाय म्हणजे हात, बांताय म्हणजे पहारा. पहाऱ्याचा हात. पुढचा आठवडा नोंग माझ्या उजव्या हाताबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

बाकोनच्या काळात हे सगळं एकास एक चालायचं. उस्ताद शिष्यावर वार सोडत जायचा, कुठल्याही क्रमाशिवाय, आणि शिष्य त्यातून जे उचलेल ते त्याचं. एकेकाला शिकवायला वर्षं जायची. पुढे वकील होसे विल्यासिन आणि तेओफिलो वेलेस या त्याच्या शिष्यांनी त्या वारांचे गट बांधले, म्हणजे एका वेळी अनेकांना शिकवता यावं. नोंग दोन्ही पद्धती वापरत. सकाळी गट, संध्याकाळी निव्वळ आगाक. गटांतून पाया पक्का होतो, असं ते म्हणत. संध्याकाळी शिकवताना मात्र त्यांचा चेहरा खुलायचा.

छड्यांबद्दल थोडं. सेबू वेताच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे चांगला वेत मिळतो. लांबी अठ्ठावीस इंचांच्या आसपास, जाडी अंगठ्याएवढी. तो विस्तवावर फिरवून कडक करतात. त्यात सालीवर काळपट पट्टे उमटतात आणि देखणे दिसतात. वेताचा गुण असा, की तो फुटला तर लाकडासारखा टोकदार तुटत नाही, केसासारखा पिंजत जातो. म्हणून सरावाला वेत. खरोखर मारायला कामागोंग, आबनुसाच्या जातीचं काळंभोर लाकूड, किंवा बाही, म्हणजे ताडजातीच्या झाडाचा गाभा. नोंगनी एकदा कामागोंगची छडी माझ्या हातात दिली. वजनाने मनगट खाली गेलं. ती दिवाणखान्यात सान्तो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीजवळ भिंतीला टेकवलेली असे आणि अंगणात कधी यायची नाही.

दोन छड्यांच्या सरावाला सिनावाली म्हणतात. सावाली म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली भिंत, आपल्या कुडासारखी. दोन्ही हात एकमेकांच्या वरून-खालून जात राहतात आणि समोरच्याच्या छड्यांशी गुंफत जातात. दुपारी कोपऱ्यावर पुसो घ्यायला गेले तेव्हा तिथली बाई नारळाची पाती विणत होती, उजवं वर, डावं खाली, न बघता. मी तिथेच उभी राहून तिचे हात पाहत राहिले.

सहाव्या दिवशी सुट्टी मिळाली आणि मी बांतायानला निघाले. शहरातल्या उत्तर बसस्थानकावरून हाग्नाया बंदर, तिथून फेरीबोटीने तासाभरात सान्ता फे. बेट सपाट, वाळू पिठासारखी पांढरी. बांगड्यासारखे मासे उन्हात जाळ्यांवर वाळत घातलेले. तो वास आला आणि क्षणभर मालवणात असल्यासारखं वाटलं. २०१३ च्या वादळाने हे बेट मोडून काढलं होतं. आता घरं पुन्हा उभी आहेत, कोंबड्यांचे फार्म पुन्हा चालू आहेत.

मी इथे आले ते एका माणसासाठी. आंतोनिओ इलुस्त्रिसिमो १९०४ साली या बेटावर जन्मला. सगळे त्याला तातांग म्हणत, म्हणजे बाबा. त्याच्या कथा एकदा सुरू झाल्या की संपत नाहीत. लहानपणी अमेरिकेला जायचं म्हणून जहाजात लपून बसला आणि जहाज गेलं मिंदानावच्या दिशेला. होलो बेटावर मुसलमान मोरोंमध्ये वाढला. पुढे जपान्यांशी लढला, मग वर्षानुवर्षं जहाजावर खलाशी. या खलाशीपणातली एक कथा आपल्या कोलकात्यात घडते. तिथे सिलात या तिकडच्या युद्धकलेतल्या एका इंडोनेशियन पहिलवानाशी त्याची लढत ठरली, आणि तातांगने एका वारात त्याचं मनगट कापून ती संपवली, असं सांगतात. इतक्या कथांमधली हीच माझ्या मनात घट्ट बसली. डोकं नाही, छाती नाही, मनगट. सांगणाऱ्याने ही कथा कितीही फुगवली असली, तरी त्यातला वार त्या विद्येशी प्रामाणिक आहे.

त्याच्या नात्यातल्या फ्लोरो विल्याब्रिल्येची कथा आणखी दूर जाते. सामार बेटावर गांदाराच्या जंगलात योसेफिना नावाची आंधळी राजकन्या होती. तिच्याकडून तो शेवटचे डाव शिकला, कारण वार डोळ्यांनी नव्हे, आवाजाने आणि हवेच्या हालचालीने ओळखायचा ही विद्या तिच्याकडे होती. अशी कुणी राजकन्या होती याला पुरावा नाही, आणि अभ्यासकांनी ही कथा कधीच बाजूला ठेवली आहे. पण अंगणात नोंगनी एकदा माझे डोळे फडक्याने बांधले आणि छडीला छडी टेकवून आगाक चालू ठेवलं, तेव्हा ती कथा कुठून जन्मली असेल हे कळलं. लाकडातून हात वाचता येतो. समोरच्याने कोपर वळवलं, दम रोखला, वजन मागच्या पायावर टाकलं, हे सगळं वेतातून येतं. डोळे उलट गोंधळ करतात.

या कथांना आणखी एक बाजू आहे, आंतिंग-आंतिंगची. पितळेचे ताईत, त्यांवर मोडक्यातोडक्या लॅटिनमधले मंत्र. गुड फ्रायडेच्या दिवशी त्यांना पुन्हा बळ चढतं, असा समज आहे. मनिलात कियापोच्या चर्चबाहेर ते भाजीसारखे मांडलेले असतात. जुन्या लढवय्यांपैकी पुष्कळांकडे ताईत असे आणि ओरास्योन, म्हणजे पुटपुटायची प्रार्थना. मी नोंगना विचारलं, तुमच्याकडे आहे का? त्यांनी सदऱ्याच्या आतून दोरीत ओवलेला एक झिजलेला तुकडा बाहेर काढून दाखवला आणि परत आत टाकला. त्यावर काही बोलले नाहीत. मीही पुढे विचारलं नाही.

बांतायान या नावातही तोच बांताय आहे. पहाऱ्याची जागा. दक्षिणेकडून मोरोंच्या होड्या माणसं पकडून न्यायला यायच्या, म्हणून विसायन बेटांच्या किनाऱ्यांवर टेहळणीचे बुरूज बांधलेले होते. सेबूच्या दक्षिणेला बोल्होओनमध्ये हुलियान बेर्मेहो नावाच्या पाद्र्याने तर अशा बुरुजांची रांगच उभी केली. स्पॅनिशांनी ही विद्या बंद केली आणि ती नाटकांत लपून वाचली, ही गोष्ट फिलिपिन्समध्ये सगळीकडे ऐकू येते. पण हे बुरूज पाहिल्यावर दुसरंच चित्र डोळ्यांपुढे येतं. गावकऱ्यांच्या हातात पाती असल्याशिवाय पाद्र्यांना किनारा राखता आला नसता, आणि एस्क्रिमाचे निम्मे शब्द स्पॅनिश आहेत ते काही शत्रूच्या तोंडून चोरलेले वाटत नाहीत. माझं मत असं, की ही विद्या लपून नाही, पहाऱ्यावर उभी राहून वाढली. बांतायानच्या जुन्या चर्चच्या भिंतीला टेकून मी बराच वेळ बसले. समुद्र शांत होता. एक म्हातारी पायरीवर मेणबत्त्या विकत होती.

परत आल्यावर नोंगनी विचारलं, तिकडे काय पाहिलं? मी म्हटलं, बांताय. ते मोठ्याने हसले आणि लगेच पहिला वार सोडला. डावा हात या वेळी वेळेवर आला.

जुन्या तालमींत हातावर खरंच मारत. पेरं फुटत आणि मुलं दुसऱ्या दिवशी यायची बंद होत. नेग्रोसच्या हिनिगारान गावचा रेमी प्रेसास हे बघत होता. सेबूत बालिन्तावाक शिकून गेल्यावर त्याने सराव बदलला: हातावर नाही, छडीवर छडी मारायची. त्याने मॉडर्न आर्निस नावाने ही विद्या शाळा-कॉलेजांत नेली, १९७५ नंतर अमेरिकेत. तिकडे कॅलिफोर्नियात स्टॉक्टनमध्ये शेतमजुरीला गेलेल्या फिलिपिनोंनी ही विद्या आधीच नेली होती. आंखेल काबालेसने १९६६ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. त्याच गावचा डॅन इनोसांतो ब्रूस लीचा साथी झाला, आणि १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये लीच्या हातात दोन छड्या दिसल्या. जगाला एस्क्रिमा कळला तो तिथून. फिलिपिन्सने स्वतः २००९ मध्ये कायदा करून आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं. आता शाळांच्या मैदानावर शिरस्त्राणं घातलेली मुलं मऊ छड्यांनी गुण मिळवतात. नोंगना त्याची चीड नाही. मुलं येतात ना, असं ते म्हणतात. पण त्यांच्या अंगणात शिरस्त्राण नाही, गुणही नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मला दोन छड्या दिल्या, भाजलेल्या, पट्टे उठलेल्या. एक त्यांची वापरातली होती. मुठीची जागा काळी आणि गुळगुळीत. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी हात पुढे केला, आणि तिथल्या मुलांसारखा मी तो कपाळाला लावला. मानो म्हणतात त्याला. त्या हाताची पेरं वाकडी होती, आणि एका बोटाला नख नव्हतं.

परतताना मनिलात एक रविवार मिळाला. फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल याला ३० डिसेंबर १८९६ रोजी जिथे गोळ्या घातल्या, त्या लुनेता मैदानावर आता मोठी बाग आहे. रविवारी सकाळी झाडांखाली आर्निसवाल्यांचे घोळके जमतात. १९९७ मध्ये वारलेल्या तातांग इलुस्त्रिसिमोचे शिष्यही इथेच शिकवायचे, आणि त्यांच्या शिष्यांचे शिष्य अजून जमतात. पाती चालावीत तशी त्यांची छडी चालते, लांब आणि सपाट. मी कडेला चटईवर बसून पाहत होते. घाम पुसत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझ्याजवळ आले, पिशवीतून डोकावणाऱ्या छड्यांकडे पाहिलं आणि खुणेने म्हणाले, ये.

मी उठले. त्यांनी कानशिलाच्या रोखाने अगदी सावकाश पहिला वार सोडला, पाहुण्याला सोडावा तसा. मी अडवला. आणि मी काही ठरवायच्या आत माझा डावा हात पुढे जाऊन त्यांच्या मनगटावर टेकला.

ते थांबले. माझ्या डाव्या हाताकडे पाहत राहिले.

"सेबू?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते एक पाऊल जवळ आले, हाताला हात लागेल एवढं, आणि दुसरा वार सोडला. हा सावकाश नव्हता.